मशीन हलवलं आणि उठेना, उठलं तर रांगतंय: डिस्क ड्रायव्हर आणि ब्लॉक साइझची तपासणी

एका खऱ्या सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरमधले संगणक, चालवणारं व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने विकत घेतलं ते २०२३ च्या नोव्हेंबरात. पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणं बंद झालं, सगळं वर्गणीवर आलं, आणि एक-दोन सर्व्हरवर भागणाऱ्या लहान ऑफिसांनी त्याच कामाच्या प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट धरली. अशी स्थलांतरं करणं हे माझं काम. त्याहून जास्त वेळ दुसऱ्या कोणी घाईत उरकलेली स्थलांतरं निस्तरण्यात जातो. पतसंस्था असो, दवाखाना असो की एमआयडीसीतला कारखाना, तक्रार तीच: नव्या होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीन उठत नाही, किंवा उठतं पण दिवसभर रांगतं.

खालचा क्रम प्रॉक्समॉक्सचा, म्हणजे त्याच्या आतल्या केव्हीएम या इंजिनाचा आहे आणि गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतली प्रणाली, बहुतेक वेळा विंडोज सर्व्हर आहे असं धरलंय. लिनक्स गेस्ट आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही जिथे वेगळे वागतात तिथे तसं लिहिलंय. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

लक्षणं

पहिला गट न उठण्याचा. काळ्या स्क्रीनवर बूट करण्याजोगी डिस्क नाही असा संदेश येतो. किंवा विंडोजचं चिन्ह दिसतं, ठिपके फिरतात आणि निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, स्टॉप कोड ७बी. लिनक्स असेल तर ड्रॅकटचा आपत्कालीन प्रॉम्प्ट. कधी विंडोज व्यवस्थित उठतं, पण डी ड्राइव्ह गायब असतो आणि त्यामुळे एसक्यूएल सर्व्हर सुरू होत नाही.

दुसरा गट रांगण्याचा. टॅली उघडायला वेळ लागतो, रिपोर्ट अर्ध्यावर अडकतो, रात्री बॅकअप चालू झाला की मशीन मिनिटभर गोठतं आणि मग जणू काही झालंच नाही असं चालू लागतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी. सीपीयू आणि रॅम मात्र निवांत.

तिसरं लक्षण गेस्टच्या आत दिसतच नाही: ५०० जीबीची डिस्क दिली, आणि होस्टवरची डिस्कची जागा सांभाळणारं झेडएफएस म्हणतं की तिने १ टीबीच्या आसपास जागा खाल्ली.

हे तिन्ही प्रकार लोक एकाच खात्यात टाकतात आणि एकाच रात्री ड्रायव्हरही बदलतात, कॅशही बदलतात, डिस्कचं स्वरूपही बदलतात. मग सकाळी काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही. माझा क्रम एकाच गोष्टीवर ठरतो: काय मागे घेता येतं. कंट्रोलर (डिस्क ज्याला जोडलेली असते ते व्हर्च्युअल यंत्र) आणि ड्रायव्हर दोन मिनिटांत पूर्ववत होतात. ब्लॉक साइझ, म्हणजे स्टोरेज एका वेळी केवढा तुकडा लिहितं ते माप, डिस्क बनवतानाच ठरते. ती बदलायची तर सगळा डेटा नव्या डिस्कवर न्यावा लागतो. म्हणून ड्रायव्हरची बाजू पूर्ण साफ झाल्याशिवाय ब्लॉक साइझकडे वळायचं नाही.

हात लावण्याआधी

व्हीएमवेअरवरचं जुनं मशीन बंद ठेवा, पण पुसू नका. नव्या मशीनचा बॅकअप दुसऱ्या स्टोरेजवर घ्या आणि तो वेगळ्या क्रमांकाने, नेटवर्क काढून, एकदा उठवून बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर हवी. हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर, बदललं की जुना व्हर्च्युअल टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी चिप) मागे राहतो आणि विंडोज हटकून ती की मागतं. व्हीएमवेअर टूल्स मशीन हलवण्याआधी जुन्या जागीच काढून टाका. नव्या होस्टवर त्याचा अनइन्स्टॉलर काम करायला नकार देतो आणि मग रजिस्ट्री खरवडत बसावं लागतं.

पहिली तपासणी: जागा संपली आहे का?

हसू नका. मशीन मध्येच थांबलं असेल आणि प्रॉक्समॉक्सच्या यादीत त्याच्यावर पिवळा त्रिकोण व ‘आयओ-एरर’ दिसत असेल, तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. थिन डिस्क म्हणजे कागदावर दिलेली जागा. पाच मशिनांना मिळून २ टीबी दिलेत, खाली आहे १ टीबी, आणि ती भरली की लिहायला जागा नसल्यामुळे केव्हीएम मशीन गोठवतं. होस्टवरचं स्टोरेज एलव्हीएम-थिन प्रकारचं असेल तर होस्टवर ‘एलव्हीएस’ चालवून डेटा आणि मेटा हे दोन्ही टक्के बघा. मेटा शंभरावर जाणं डेटा भरण्यापेक्षा वाईट, कारण तिथे थिन पूलचा नकाशाच अडकतो. झेडएफएस असेल तर ‘झेडपूल लिस्ट’.

जुने स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थिती, हे भरण्याचं नेहमीचं कारण. अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट वर्षभर तसाच पडून असतो. जागा मोकळी झाली की मशीन रीसेट न करता ‘रिझ्यूम’ करा. बहुतेक वेळा जिथे थांबलं तिथून ते पुढे चालतं.

दुसरी तपासणी: बूट ऑर्डर आणि बायोसचा प्रकार

प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क एका बसवरून (डिस्क जोडण्याच्या मार्गावरून) दुसऱ्या बसवर न्यायची तर ती आधी ‘डिटॅच’ होते, ‘अनयूज्ड डिस्क’ म्हणून दिसते आणि मग नव्या बसवर जोडली जाते. या उलाढालीत बूट ऑर्डरमधून तिची खूण निघून जाते. ऑप्शन्समध्ये जाऊन डिस्कसमोर टिक करा. बूट करण्याजोगी डिस्क नाही ही तक्रार बरेचदा इथेच मिटते.

न मिटल्यास जुनं मशीन युईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवर, होतं का ते बघा. तसं असेल तर इथे ओव्हीएमएफ हवं. जुन्या पद्धतीच्या बायोसवर होतं तर सीबायोस. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून ईएसएक्सआयवरून (व्हीएमवेअरच्या होस्टवरून) थेट आयात करायची सोय आली आहे आणि ती हे सांभाळते. हाताने डिस्क फाइल उचलून आणलेल्या मशिनांत मात्र ही गफलत हमखास सापडते.

तिसरी तपासणी: ड्रायव्हर

स्टॉप कोड ७बी म्हणजे विंडोजचा लोडर सुरू झाला, पण ज्या कंट्रोलरवर सी ड्राइव्ह आहे त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी हाताशी नाही. व्हीएमवेअरवर हे मशीन एलएसआय लॉजिक किंवा पीव्हीस्कझी या कंट्रोलरवर होतं. इथे तुम्ही व्हर्टआयओ, म्हणजे केव्हीएमचा स्वतःचा कंट्रोलर, दिलंत. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर मुळात नसतोच. तो व्हर्टआयओ-विन नावाच्या आयएसओमधून घालावा लागतो. त्यात डिस्कचे दोन ड्रायव्हर आहेत आणि त्यांचा घोळ होतो: ‘व्हायोस्टोर’ हा व्हर्टआयओ ब्लॉकसाठी, ‘व्हायोस्कझी’ हा व्हर्टआयओ स्कझीसाठी. एक घातला आणि डिस्क दुसऱ्या बसवर लावली की पुन्हा तीच निळी स्क्रीन.

उपाय असा. सी ड्राइव्ह तात्पुरता साटावर लावा. साटाचा ड्रायव्हर आधुनिक विंडोजमध्ये असतोच, त्यामुळे मशीन हळू का होईना उठेल. फारच जुनं विंडोज असेल तर आयडीई. आता त्याच मशीनला १ जीबीची एक रिकामी डिस्क जोडा, बस स्कझी, कंट्रोलर ‘व्हर्टआयओ स्कझी सिंगल’. मशीन सुरू करून आयएसओमधला गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली ‘रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी पास-थ्रू कंट्रोलर’ पिवळ्या खुणेशिवाय दिसला पाहिजे, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली पाहिजे.

ही रिकामी डिस्क वगळायचा मोह होतो. वगळू नका. ड्रायव्हरची फाइल डिस्कवर असणं आणि विंडोजने ते यंत्र प्रत्यक्ष बघून ड्रायव्हर बूटच्या यादीत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडवायला ती डिस्क लागते. ती दिसली की मशीन बंद करा, सी ड्राइव्ह साटावरून काढून स्कझीवर लावा, बूट ऑर्डरला टिक, आणि सुरू करा. रिकामी डिस्क मग काढून टाकली तरी चालते.

ड्रायव्हर घातलेला आहे आणि तरीही ७बी येतंय, तर एकदा सेफ मोडमध्ये उठवा. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘बीसीडीएडिट’ने डीफॉल्ट नोंदीला ‘सेफबूट मिनिमल’ लावायचं. सेफ मोडमध्ये विंडोज बूटचे सगळे ड्रायव्हर चाचपून बघतं, योग्य तो पकडतं, आणि पुढच्या वेळी सरळ उठतं. ती नोंद ‘डिलीटव्हॅल्यू’ने काढायची आठवण ठेवा, नाहीतर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठेल. साटावरही मशीन उठत नसेल तर रिकव्हरीत ‘डीआरव्हीलोड’ने आयएसओवरचा ड्रायव्हर तात्पुरता चढवा, सी ड्राइव्ह दिसू लागला की ‘डीआयएसएम’ने तोच ड्रायव्हर त्या विंडोजमध्ये कायमचा घाला. इथपर्यंत यावं लागणं विरळच.

लिनक्सची गोष्ट सोपी आहे. कर्नलमध्ये व्हर्टआयओ असतंच, पण रेड हॅटच्या घराण्यातल्या प्रणाली इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) बनवताना फक्त त्या वेळच्या यंत्राला लागणारे ड्रायव्हर भरतात. व्हीएमवेअरवर बनलेल्या इनिटरामएफएसमध्ये व्हर्टआयओ नसतं. ग्रबच्या, म्हणजे बूटच्या वेळच्या यादीतली ‘रेस्क्यू’ नोंद निवडा, तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. मशीन उठलं की ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल’ आणि रीबूट. डेबियन आणि उबंटू सहसा सगळेच ड्रायव्हर भरतात, त्यामुळे तिथे हे फार दिसत नाही. तिथे अडतं ते एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत) कोणी हाताने एसडीए१ लिहून ठेवलेलं असतं म्हणून. व्हर्टआयओ ब्लॉकवर त्याच डिस्कचं नाव व्हीडीए होतं. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा.

डी ड्राइव्ह गायब असेल तर

कंट्रोलर बदलला की विंडोज सर्व्हरला डेटाची डिस्क नवीन वाटते, आणि सामायिक असण्याची शंका आली तर तो ती ऑफलाइन ठेवतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’. तरीही लिहिता येत नसेल तर ‘डिस्कपार्ट’मध्ये ती डिस्क निवडून ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’. मग ड्राइव्हचं अक्षर पूर्वीचंच आहे ना ते बघा आणि त्यानंतर एसक्यूएल सर्व्हिस सुरू करा. डिस्क पार्टिशन नसलेली, कोरी दिसत असेल आणि विंडोज ‘इनिशियलाइझ करू का’ विचारत असेल तर ‘नाही’ म्हणा. तो मामला सेक्टरचा असू शकतो, पुढे येतोच.

चौथी तपासणी: १२९ आणि १५३

आता रांगणारी मशिनं. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. १२९ ची नोंद ‘व्हायोस्कझी’ या स्रोताकडून येते आणि म्हणते की रेडपोर्टला रीसेट पाठवला. १५३ ची ‘डिस्क’कडून येते आणि म्हणते की अमुक ब्लॉकवरचं काम पुन्हा करावं लागलं. दोन्हींचा अर्थ एवढाच की विंडोजने डिस्ककडे काही मागितलं आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही.

उत्तर का आलं नाही याची बहुतेक वेळा दोनच कारणं: होस्टची डिस्क खरोखर अडकली होती, किंवा ड्रायव्हरने चूक केली. हे ओळखायला फुकटचा उपाय आहे. नोंदीची वेळ मिनिटासकट लिहून घ्या आणि प्रॉक्समॉक्समध्ये होस्टच्या आलेखात त्याच मिनिटाला ‘आयओ डिले’ किती होता ते बघा. तो चढलेला असेल तर घोडं होस्टवर पेंड खातंय. होस्ट आरामात आणि गेस्ट मात्र रीसेट पाठवतोय, तर संशय ड्रायव्हरवर.

ड्रायव्हरवर संशय असेल तर आवृत्ती बघा आणि व्हर्टआयओ-विनची ताजी स्थिर आवृत्ती घाला. तक्रार अपडेटनंतरच सुरू झाली असेल तर उलट, आधीच्या आवृत्तीवर जा. तेही जमलं नाही तर डिस्क स्कझीवरून व्हर्टआयओ ब्लॉकवर हलवून दोन दिवस चालवा. दोन वेगळे ड्रायव्हर असल्यामुळे तक्रार थांबली तर दोषी सापडला.

वेळ रात्रीच्या बॅकअपशी जुळत असेल तर कारण वेगळंच. बॅकअप चालू असताना गेस्टने एखाद्या ब्लॉकवर लिहायला घेतलं की आधी तिथला जुना ब्लॉक बॅकअपच्या जागी जातो, तोवर गेस्टचं लिखाण थांबतं. बॅकअप एखाद्या मंद नासवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर) जात असेल तर त्या नासचा वेग तुमच्या डेटाबेसला लागू होतो. प्रॉक्समॉक्स ८.२ मध्ये यासाठी ‘फ्लीसिंग’ आलं: जुना ब्लॉक आधी जवळच्या जलद डिस्कवर ठेवायचा, मग सवडीने बॅकअपला पाठवायचा. बॅकअप जॉबच्या प्रगत पर्यायांत ते चालू करा. ड्रायव्हरला हात लावायची गरजच पडत नाही.

पाचवी तपासणी: खालची खरी डिस्क

‘स्मार्टसीटीएल’ने प्रत्येक डिस्क बघा. पेंडिंग आणि रीअलोकेटेड सेक्टर शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर पुढचं काही वाचू नका, डिस्क बदला. ‘झेडपूल स्टेटस’मध्ये चेकसम, म्हणजे चुकीच्या वाचलेल्या डेटाचा रकाना, शून्य हवा.

मग ‘पीव्हीईपर्फ’ चालवून सेकंदाला किती एफसिंक होतात ते बघा. डेटाबेस प्रत्येक व्यवहार डिस्कवर पोचल्याची पावती मागतो, ती हीच. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, त्यामुळे एकट्या डिस्ककडून शंभराच्या आसपास पावत्यांची अपेक्षा ठेवा. घरगुती एसएसडी कागदावर लाखभर आयओपीएस (सेकंदाला कामं) सांगतो आणि इथे शेकड्यांत घुटमळतो, कारण वीज गेली तर आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर त्याच्यात नसतात आणि पावती द्यायला त्याला खरोखर लिहून संपवावं लागतं. सर्व्हरसाठीचा, असे कपॅसिटर असलेला एसएसडी हजारांत देतो. ऑफिसच्या सर्व्हरमध्ये दुकानातून आणलेला घरगुती एसएसडी हे मंदपणाचं मला सर्वात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे, आणि ते ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं, कारण डिस्क नवी कोरी असते.

कॅश ‘राइटबॅक’ केली की सगळं झटक्यात पळू लागतं. गेस्टने फ्लश मागितला तर तो पाळला जातो, त्यामुळे यूपीएस चांगला असेल तर मी ती कधी कधी लावतो. ‘अनसेफ’ लावू नका. तिथे फ्लशच दुर्लक्षिला जातो, आणि आपल्याकडची वीज सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आयओ थ्रेड’ला टिक मात्र बिनधास्त करा.

सहावी तपासणी: सेक्टर

इथून ब्लॉक साइझ सुरू. सेक्टर म्हणजे डिस्कवर लिहिण्या-वाचण्याचं सर्वात लहान माप, बाइटमध्ये. गेस्टमध्ये ‘एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी:’ चालवा. दोन आकडे महत्त्वाचे: लॉजिकल सेक्टर, आणि ॲटॉमिसिटीसाठीचा फिजिकल सेक्टर. केव्हीएम मुळात दोन्ही ५१२ दाखवतं. हायपर-व्हीचा व्हीएचडीएक्स साधारणपणे लॉजिकल ५१२ आणि फिजिकल ४०९६ दाखवतो. दोन्ही ठीक.

बिघडतं ते कोणीतरी ‘जुळवायला’ गेलं की. खाली झेडएफएसचा ब्लॉक १६के (१६ केबी) आहे म्हणून गेस्टला फिजिकल सेक्टर १६३८४ दाखवणारे महाभाग मी बघितलेत. एसक्यूएल सर्व्हर ५१२ आणि ४०९६ एवढेच ओळखतो; त्याहून मोठा आकडा दिसला की सुरूच होत नाही. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर काही एनव्हीएमई डिस्कांमुळे हाच त्रास होतो, आणि तिथे रजिस्ट्रीत ४०९५ ची नोंद करायचा उपाय आहे. तो उपाय एनव्हीएमईच्या ड्रायव्हरपुरताच. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो घालत बसू नका, होस्टवरची सेटिंग दुरुस्त करा.

लॉजिकल सेक्टर बदलणं त्याहून घातक. जीपीटीचा, म्हणजे पार्टिशनच्या यादीचा, मथळा दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो. सेक्टर ५१२ चा असताना तो ५१२ व्या बाइटपासून सुरू होतो. तीच डिस्क ४०९६ च्या सेक्टरने दाखवली तर गेस्ट तो ४०९६ व्या बाइटपाशी शोधतो आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. डिस्क कोरी दिसते ती अशी. डेटा सगळा जागेवर असतो, फक्त तुम्ही ‘इनिशियलाइझ’ दाबेपर्यंत. लॉजिकल पुन्हा ५१२ केलं की पार्टिशन परत दिसतात. लिनक्सवर एक्सएफएस ही फाइलसिस्टिमही असंच करते: ५१२ वर बनलेली फाइलसिस्टिम ४०९६ च्या डिस्कवर माउंट होत नाही आणि कर्नल लॉगमध्ये डिव्हाइस ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतं असं स्पष्ट लिहून येतं.

एसक्यूएलच्या लॉगमध्ये ‘मिसअलाइन्ड लॉग आयओ’ आणि ‘सिंक्रोनस’ असे शब्द दिसले तर डेटाबेस ५१२ च्या डिस्कवर जन्मलेला आहे आणि त्याची लॉग फाइल आता ४०९६ वर आली आहे, किंवा दोन सर्व्हरच्या जोडीत एक ५१२ आणि एक ४०९६ आहे. यासाठी एसक्यूएल सर्व्हरची ट्रेस फ्लॅग १८०० ही सेटिंग आहे. ती डेटाबेस सांभाळणाऱ्याला लावू द्या.

सातवी तपासणी: पार्टिशनची सुरुवात

‘एमएसइन्फो३२’ उघडा, कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स. पार्टिशनचा स्टार्टिंग ऑफसेट १०,४८,५७६ असेल तर छान, तो बरोबर १ एमबी आहे. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून विंडोज तसंच करतं. ३२,२५६ दिसला तर ते पार्टिशन एक्सपी किंवा सर्व्हर २००३ च्या काळातलं, ६३ व्या सेक्टरपासून सुरू झालेलं आहे. ३२,२५६ ला ४०९६ ने नि:शेष भाग जात नाही. परिणामी गेस्टचा प्रत्येक ४केचा तुकडा खालच्या दोन ब्लॉकांवर विभागून पडतो आणि एका कामाची दोन होतात. जुन्या खऱ्या सर्व्हरवरून व्हर्च्युअल केलेल्या मशिनांत हे अजून सापडतं. पार्टिशन सरकवण्यापेक्षा नवीन डिस्क जोडून डेटा कॉपी करणं कमी जिकिरीचं.

आठवी तपासणी: झेडएफएसचा ब्लॉक

होस्टवर ‘झेडएफएस गेट व्हॉलब्लॉकसाइझ’ आणि पुढे त्या डिस्कचं नाव. पूर्वी मूळ आकडा ८के होता, ओपनझेडएफएस २.२ पासून तो १६के झाला आणि प्रॉक्समॉक्सनेही ८.१ मध्ये तोच घेतला.

याने वेग का बदलतो? झेडएफएस ब्लॉकचा तुकडा बदलत नाही. खतावणीतली एक ओळ चुकली म्हणून अख्खं पान नव्याने लिहून जुनं फाडायचं, तसा तो पूर्ण ब्लॉक नव्या जागी लिहितो. एसक्यूएल सर्व्हरचं पान ८केचं असतं. ब्लॉक १६के असेल तर दुप्पट लिखाण, जे सहसा खपून जातं. कोणी जागा वाचवायला १२८के केला असेल तर सोळापट, आणि मग मशीन रांगणारच. उलट फार लहान ब्लॉक ठेवला तर कॉम्प्रेशन वाया जातं आणि रेडझेडवर, म्हणजे झेडएफएस अनेक डिस्का पॅरिटीसह (डिस्क मेली तर डेटा परत बनवायची जास्तीची माहिती) एकत्र बांधतं तिथे, जागेची माती होते.

ती माती कशी होते ते आकड्यांत बघा. सहा डिस्कांचा रेडझेड२, डिस्कचा सेक्टर ४के, ब्लॉक ८के. डेटाचे दोन सेक्टर, पॅरिटीचे दोन, झाले चार. रेडझेड२ जागा तीनच्या पटीतच देतो, म्हणून चाराचे सहा. म्हणजे ८के साठवायला २४के. तोच ब्लॉक १६के केला तर डेटाचे चार, पॅरिटीचे दोन, बरोबर सहा. एकही वाया नाही. ८केची डिस्क या रचनेत ‘यूज्ड’ रकान्यात जवळपास दुप्पट दिसते ती यामुळे, आणि सुरुवातीला सांगितलेली ५०० जीबीची १ टीबी होते तीही यामुळेच. मिररवर, म्हणजे दोन डिस्कांवर एकच डेटा ठेवला तर, हा प्रश्न येत नाही. व्हर्च्युअल मशिनांसाठी मी रेडझेड सुचवतच नाही. जागा कमी मिळते म्हणून लोक कुरकुरतात, पण विखुरलेल्या लहान लिखाणात रेडझेडचा अख्खा गट साधारण एका डिस्कइतकीच कामं उरकतो.

गेस्टमध्ये एनटीएफएसचा क्लस्टर ६४के केला की सगळं सुटेल असं बरेच जण सांगतात. एसक्यूएलच्या डेटाच्या ड्राइव्हला ६४के क्लस्टर चांगलाच, पण क्लस्टर म्हणजे जागा वाटपाचं माप. त्यामुळे एसक्यूएल ६४केचे तुकडे लिहू लागत नाही.

बदलायचंच असेल तर: डेटासेंटरच्या स्टोरेज सेटिंगमध्ये ब्लॉक साइझ बदला. जुन्या डिस्कांना काहीही होत नाही, फक्त नव्या डिस्का त्या मापाने बनतात. मग ‘मूव्ह डिस्क’ने ती डिस्क दुसऱ्या स्टोरेजवर न्या आणि परत आणा. दोन्ही वेळा ‘डिलीट सोर्स’ची टिक काढलेली असू द्या आणि आधी जागा मोजा. मशीन चालू असताना हे होतं, पण मी ते कामाच्या वेळेत करत नाही. एकाच डिस्कवर करून, आठवडाभर चालवून, मग बाकीच्या. पूलचा ॲशिफ्ट ९ (म्हणजे ५१२ चा सेक्टर धरलेला) निघाला आणि डिस्का ४केच्या असल्या तर मात्र पूलच नव्याने बांधावा लागतो.

व्हर्च्युअल डिस्कसाठी क्यूकाऊ२ प्रकारची फाइल वापरत असाल तर तिचा क्लस्टर ६४केचा असतो आणि त्याच्या नकाशासाठी ३२ एमबीची कॅश मिळते. तेवढी कॅश २५६ जीबीच्या डिस्कला पुरते. १ टीबीची डिस्क, विखुरलेले रीड, आणि नकाशा वारंवार डिस्कवरून वाचणं: मंदपणा तिथे. क्लस्टर मोठा ठेवून नवी फाइल बनवा किंवा नकाशा नसलेली साधी रॉ फाइल वापरा. झेडएफएसवर क्यूकाऊ२ ठेवू नका. हायपर-व्हीवर लिनक्स गेस्ट असेल आणि डायनॅमिक व्हीएचडीएक्स उगीच फुगत असेल, तर ब्लॉक मुळातल्या ३२ एमबीऐवजी १ एमबी देऊन नवी डिस्क बनवा. मायक्रोसॉफ्टही तेच सुचवतं.

वेग मोजताना गेस्टमध्ये ‘डिस्कएसपीडी’ वापरा आणि चाचणीची फाइल वेगळी द्या. होस्टवर एफआयओ या वेग मोजायच्या साधनाला थेट डिस्कचं नाव देऊन लिखाणाची चाचणी केली तर त्या डिस्कवरचा डेटा गेला.

कुठे थांबायचं

पेंडिंग सेक्टर वाढतायत आणि ताजा बॅकअप नाही: मशीन बंद करा. ‘चेकडिस्क’ने दुरुस्ती चालवू नका, त्याने मरत्या डिस्कवर लिखाण होतं. हे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे.

एक्सएफएस माउंट होत नाही आणि दुरुस्तीचं साधन लॉग पुसायचा पर्याय सुचवतंय: डिस्कची पूर्ण प्रत हातात आल्याशिवाय तो पर्याय नको.

डेटाबेस ‘सस्पेक्ट’ दिसतोय: डिटॅच करू नका, पुन्हा जोडताना तो नकार देऊ शकतो. डेटाबेसच्या माणसाला बोलवा. रेड (आरएआयडी) कार्ड, म्हणजे डिस्का एकत्र बांधणारं कार्ड, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ दाखवतंय आणि कुठली डिस्क कुठल्या खणात होती ते खात्रीने माहीत नाही: काहीही इंपोर्ट किंवा क्लिअर करू नका. झेडपूल ‘डिग्रेडेड’ आहे आणि दुसऱ्या डिस्कवरही चेकसम वाढतोय, तेव्हाही हात बाजूला.

आणि वरचं सगळं बघून झालं, होस्टचा आयओ डिले शून्याजवळ आहे, १२९ येत नाही, पार्टिशन सरळ आहे, तरी मशीन रांगतंय, तर आता डिस्कचा नाद सोडा. क्वेरी, अँटिव्हायरस किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर बघणारा माणूस लागेल.

ज्याला बोलवाल त्याला फोनवरच पाच गोष्टी द्या: मशीनच्या कॉन्फिग फाइलची प्रत, व्हर्टआयओ ड्रायव्हरची आवृत्ती, सेक्टरइन्फोचं आउटपुट, झेडपूल स्टेटस, आणि १२९ च्या शेवटच्या काही नोंदी वेळेसकट. त्याचा पहिला तासभर वाचतो, आणि बिल बहुतेक वेळा तासावरच असतं.